पाट्यांची भाषा

नाशिक-धुळ्यावरून इंदूर आणि ग्वाल्हेरकडे जाणाऱ्या मुंबई-आग्रा रस्त्याने प्रवास करणाऱ्याला वाटेत मैलाचे दगड भेटतात. मैल जाऊन किलोमीटर आले, तरी लोकांच्या तोंडी ते मैलाचेच दगड राहिले आहेत. दगडाचा माथा पिवळा असला की तो राष्ट्रीय महामार्ग. हिरवा असला की तो राज्यमार्ग. बेळगावहून अनमोडच्या घाटाने फोंडा-पणजीकडे उतरणाऱ्यालाही तोच पिवळा माथा दिसतो. माळव्यात दगड रंगविणारा आणि खानापूरच्या रानात दगड रंगविणारा यांची आयुष्यात गाठ पडलेली नसते; तथापि दोघांच्या कुंचल्यांतून एकच भाषा उमटते. कोणता रंग घ्यावा हा विचार रंगाऱ्याला करावा लागत नाही आणि हा रस्ता कोणता, हे वाटसरूला विचारावे लागत नाही. कोणीतरी एकदा निर्णय घेतला आणि असंख्य हात तो पाळीत आहेत.

एकदा विचारपूर्वक घेतलेल्या आणि पुढे अनेकांनी मिळून पाळलेल्या अशा निर्णयांच्या संचाला आजच्या उद्योगजगतात ‘डिझाइन सिस्टीम’ असे म्हणतात. मराठीत तिला ‘रचनासंहिता’ म्हणावयास हरकत नसावी. संगणकाच्या पडद्यावरील बटणे, चौकटी, रंग आणि अक्षरे यांच्या संदर्भात हा शब्द रूढ झाला, म्हणून ती केवळ संगणकयुगाची निर्मिती आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः नाव नवे असले तरी गोष्ट जुनी आहे. तिच्या इतिहासातील अतिशय बोधप्रद प्रकरण घडले ते ब्रिटनमधील रस्त्यांवर. आणि विशेष असे की, त्या रस्त्यांवरील अक्षरांचेच एक रूप अर्धशतकानंतर ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर येऊन बसले.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये मोटारींची संख्या झपाट्याने वाढू लागली. परंतु रस्त्यांवरील पाट्या मात्र जुन्या, मंदगती काळातल्याच राहिल्या होत्या. काही पाट्या स्थानिक मंडळांनी लावलेल्या, काही मोटारवाल्यांच्या संघटनांनी उभारलेल्या. कोठे अक्षरे ठेंगणी, कोठे लांबट. एकाच खांबावर वेगवेगळ्या आकारांच्या पाट्यांची दाटी. १९३३ साली त्यांना काही शिस्त लावण्याचा प्रयत्न झाला होता, पण तो पायी चालणाऱ्याच्या आणि सावकाश जाणाऱ्या वाहनाच्या मानाने. ताशी ६० मैल वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात ८८ फूट अंतर कापते. पाटीवरील नाव वाचावयास दोन सेकंद अधिक लागले, तर चालक पावणेदोनशे फूट पुढे गेलेला असतो. आणि त्या अंतरात वळण सुटू शकते, किंवा एखाद्याचा प्राणही जाऊ शकतो. १९६१ साली हर्बर्ट स्पेन्सर या मुद्रणतज्ज्ञाने मध्य लंडनपासून विमानतळापर्यंतच्या वाटेवरील पाट्यांची छायाचित्रे आपल्या ‘टायपोग्राफिका’ या नियतकालिकात छापली, तेव्हा रोज त्याच वाटेने जाणाऱ्यांनाही तो गोंधळ प्रथमच डोळ्यांत भरला.

तत्पूर्वीच सरकारने एक पाऊल उचलले होते. वेगवान वाहनांसाठी स्वतंत्र मोटारमार्ग बांधावयाचे ठरले, त्यांच्या पाट्यांचा विचार करण्यासाठी १९५७ साली सर कॉलिन अँडरसन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. अँडरसन हे जहाजधंद्यातील गृहस्थ. त्यांच्या कंपनीच्या उतारूंच्या सामानावर लावावयाच्या चिठ्ठ्या जॉक किनीर या रचनाकाराने तयार केल्या होत्या. परक्या बंदरात, परक्या भाषेच्या हमालालाही कोणती पेटी कोठे न्यावयाची ते चटकन कळावे, हे त्या चिठ्ठ्यांचे काम. सामानाच्या चिठ्ठीचा प्रश्न आणि रस्त्यावरील पाटीचा प्रश्न मुळात एकच आहे, हे अँडरसन यांच्या ध्यानात आले असावे. त्यांनी किनीर यांना पाचारण केले. किनीर यांनी साहाय्यासाठी निवडली ती चेल्सी येथील कलाशाळेतील आपली विद्यार्थिनी, मार्गारेट कॅल्व्हर्ट. दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे १९३६ साली जन्मलेली ही तरुणी त्या वेळी विशीच्या उंबरठ्यावर होती.

या दोघांनी अक्षरापासून आरंभ केला. पाटीवरील नावे सगळी कॅपिटल अक्षरांत लिहिण्याची जुनी रीत त्यांनी सोडली. कॅपिटल अक्षरांतील शब्द दुरून पाहिला तर एखाद्या विटेसारखा दिसतो. उलट स्मॉल अक्षरांतील शब्दाला वर-खाली निघणाऱ्या काड्यांमुळे स्वतःची अशी आकृती येते आणि ओळखीचे नाव अक्षरे सुटी न वाचताही ओळखता येते. स्मॉल ‘एल’, कॅपिटल ‘आय’ आणि एकचा आकडा या तिन्ही उभ्या रेघाच असल्याने त्यांची गल्लत होई. म्हणून ‘एल’ला त्यांनी तळाशी एक लहानसा बाक दिला. काळ्यावर पांढरे अक्षर प्रकाशात फुगल्यासारखे दिसते, म्हणून गडद पाटीसाठी एक वजनाचे आणि पांढऱ्या पाटीसाठी त्याहून जाड, अशी दोन रूपे केली. या अक्षरवळणास पुढे ‘ट्रान्सपोर्ट’ हे नाव मिळाले.

परंतु सुंदर अक्षर म्हणजे संहिता नव्हे. देशभर पाट्या तयार करणारे कारखाने अनेक, त्यांतील कारागीर अनेक. प्रत्येकाच्या पाठीशी किनीर आणि कॅल्व्हर्ट उभे राहू शकत नव्हते. तेव्हा त्यांनी युक्ती केली ती अशी. प्रत्येक अक्षर एका काल्पनिक फरशीवर बसविले. अक्षराच्या डाव्या-उजव्या बाजूंस किती जागा मोकळी सोडावयाची, ते त्या फरशीच्या रुंदीतच ठरवून टाकले. कारागिराने फरशीला फरशी भिडवीत जावे, की दोन अक्षरांमधील अंतर आपोआप योग्य पडे. छापखान्यात खिळे जुळविणाऱ्याला हे तत्त्व नवे नाही. खिळ्याच्या अंगातच त्याची जागा ठरलेली असते. किनीर-कॅल्व्हर्ट यांनी तेच तत्त्व माणसाएवढ्या उंचीच्या पाटीला लावले. पुढे त्यांनी अक्षराच्या रेघेची जाडी हेच सगळ्या पाटीचे माप ठरविले. स्मॉल अक्षराची उंची अशा चार जाड्यांची. ओळींमधील अंतर, कडेची चौकट, बाणाची जागा, सारे त्याच मापात. आधी पाटीचा आकार ठरवून त्यात नावे कोंबावयाची, ही जुनी पद्धत उलटली. चालकाचा वेग पाहून अक्षराची उंची ठरावी, अक्षरांवरून मजकुराची लांबीरुंदी आणि मजकुरावरून पाटी. परिणामी, ज्याने चित्रकलेचे कधी शिक्षण घेतले नाही, असा परगण्याच्या बांधकाम खात्यातील अभियंताही आपल्या गावासाठी निर्दोष पाटी आखू शकला. संहितेचे यश असते ते येथे: ती रचणाऱ्याच्या गैरहजेरीत चालते.

५ डिसेंबर १९५८ रोजी पंतप्रधान हॅरल्ड मॅकमिलन यांच्या हस्ते प्रेस्टन शहराचा वळणमार्ग खुला झाला. ब्रिटनमधील हा पहिला मोटारमार्ग, आणि त्यावरील निळ्या पाट्या या नव्या लिपीच्या पहिल्या पाट्या. त्यांच्यावर टीका झाल्यावाचून राहिली नाही. पाषाणात अक्षरे कोरण्यात ख्यातकीर्त असलेले डेव्हिड किंडर्स्ली यांनी पाट्यांच्या अवाढव्य आकारावर आक्षेप घेतला आणि कॅपिटल अक्षरांचेच, टोकांना आडव्या काड्या असलेले, स्वतःचे वळण पुढे केले. वाद शब्दांनी मिटेना, तेव्हा रस्ते-संशोधन प्रयोगशाळेने १९५९ साली ऑक्सफर्डशायरमधील बेन्सन येथील विमानतळावर प्रत्यक्ष चाचणी घेतली. मोटारीच्या टपावर पाट्या चढविल्या, हवाई दलातील स्वयंसेवक समोर बसविले आणि कोणती पाटी किती अंतरावरून वाचता येते, याची नोंद केली. निकाल असा लागला की, किंडर्स्ली यांची अक्षरे किंचित अधिक अंतरावरून वाचता आली. परंतु फरक इतका थोडा होता की, त्यासाठी नवी पद्धत टाकून देण्याचे कारण सरकारला दिसले नाही. किंडर्स्ली यांच्यावर अन्याय झाला, असे मानणारे तेव्हाही होते. एक गोष्ट मात्र त्या चाचणीने कायमची प्रस्थापित केली. अक्षर कोणाला आवडते यापेक्षा ते वाचणाऱ्याला किती दुरून वाचता येते, हा प्रश्न विचारावयाचा असतो, आणि त्याचे उत्तर तर्काने न देता मोजून द्यावयाचे असते.

मोटारमार्गांपाठोपाठ इतर सर्व रस्त्यांची पाळी आली. १९६१ च्या अखेरीस सर वॉल्टर वॉरबॉइझ यांच्या अध्यक्षतेखाली दुसरी समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९६३ साली बाहेर पडला आणि १ जानेवारी १९६५ पासून नवे नियम अमलात आले. युरोपात रूढ झालेली आकृत्यांची भाषा या समितीने स्वीकारली. त्रिकोण सावध करतो, वर्तुळ हुकूम देते, आयत माहिती सांगतो. हीच वाटणी आपल्याकडील रस्त्यांवरही आहे. मोटारमार्गाला निळा रंग, मुख्य रस्त्यांना हिरवा आणि त्यावर पिवळे क्रमांक, बाकीच्या रस्त्यांना पांढरी पाटी व काळी अक्षरे. जेथे पूर्वी शब्द होते तेथे चित्रे आली, आणि ती बव्हंशी कॅल्व्हर्ट यांनी काढली. पूर्वी शाळेच्या पाटीवर ज्ञानाची पेटती मशाल असे. मशाल पाहून रस्ता ओलांडणाऱ्या मुलांची आठवण कोणाला व्हावी? कॅल्व्हर्ट यांनी त्या जागी लहान मुलाचा हात धरून निघालेली मुलगी काढली. त्या मुलीत त्यांनी आपलेच बालपण रेखाटले होते. गुराढोरांच्या पाटीवरील गाय ही त्यांच्या नातलगांच्या मळ्यावरील ‘पेशन्स’ नावाची खरीखुरी गाय होती. सगळीच चित्रे साधली असे मात्र नाही. रस्तादुरुस्तीच्या पाटीवरील फावडे मारणारा माणूस वाऱ्यात छत्री उघडतो आहे, अशी थट्टा ब्रिटनमध्ये आजही चालते. संहितेतही दुरुस्तीला जागा असावी लागते. थांबण्याचा हुकूम देणाऱ्या पाटीचा आकार पुढे बदलला आणि १९७५ साली तेथे अष्टकोन आला. पण त्यासाठी बाकीची भाषा मोडावी लागली नाही.

हीच दृष्टी लवकरच रस्त्यांवरून रेल्वेकडे गेली. १९६५ साली ब्रिटिश रेल्वेने आपली नवी मुद्रा आणि ती कशी वापरावी, याची सविस्तर नियमावली काढली. स्थानकांच्या पाट्यांसाठी अक्षरे पुन्हा किनीर आणि कॅल्व्हर्ट यांचीच होती. ती अक्षरे रुग्णालयांतही लागली. १९९४ ते १९९७ या काळात रेल्वेचे खासगीकरण झाले, निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांना निरनिराळे रंग आले, आणि एकसंध नियमावलीचा अंमल विस्कळीत झाला. तरीसुद्धा स्थानक दाखविणारी दोन बाणांची मुद्रा कोणी पुसू शकले नाही. प्रवाशांच्या अंगवळणी पडलेली खूण ही कंपनीच्या मालकीपेक्षा प्रवाशांच्या मालकीची झालेली असते.

पुढचा अध्याय पडद्यावरचा. विसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारी कचेऱ्यांनी संकेतस्थळे उघडावयास आरंभ केला आणि रस्त्यांवरील जुना गोंधळ नव्या जागी पुन्हा अवतरला. प्रत्येक खात्याचे स्थळ निराळे, मांडणी निराळी, अर्ज भरण्याची रीत निराळी. कराचा अर्ज भरावयास शिकलेला नागरिक वाहन-परवान्याच्या अर्जापाशी पुन्हा अडाणी ठरे. २०११ साली ब्रिटिश सरकारने या कामासाठी स्वतंत्र डिजिटल सेवा विभाग स्थापन केला आणि १७ ऑक्टोबर २०१२ रोजी ‘गव्ह डॉट यूके’ हे एकच संकेतस्थळ सुरू झाले. त्यासाठी अक्षर निवडण्यात आले ते ‘न्यू ट्रान्सपोर्ट’: रस्त्यावरील त्याच अक्षरांचे, मार्गारेट कॅल्व्हर्ट आणि हेन्रिक कुबेल यांनी पडद्यासाठी सिद्ध केलेले रूप. धावत्या मोटारीतून वाचता यावे म्हणून घडविलेले अक्षर आता घाईत, काळजीत आणि कित्येकदा आजारपणात सरकारी मदत शोधणाऱ्या नागरिकासमोर उभे राहिले. २०१३ साली लंडनच्या डिझाइन म्युझियमने या स्थळास वर्षातील सर्वोत्कृष्ट रचनेचा मान दिला. दिखाऊपणाचा लवलेश नसलेल्या, पांढऱ्यावर काळ्या मजकुराच्या या स्थळाला तो मान मिळाल्याचे पुष्कळांना नवल वाटले.

या कामातूनच २०१८ साली त्या सरकारची रचनासंहिता जाहीर झाली. तोवर गूगलने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘मटेरियल डिझाइन’मुळे आणि इतर मोठ्या कंपन्यांच्या अशाच उपक्रमांमुळे ‘डिझाइन सिस्टीम’ हे नाव सर्वतोमुखी झाले होते. तिचे अंतरंग थोडक्यात असे. तळाशी रंग, अक्षरे आणि अंतरे यांची ठरलेली मापे. त्यांच्यावर बटण, चौकट, सूचना यांसारखे तयार घटक. आणि त्यांहून वर, नाव-पत्ता विचारणे किंवा चूक दाखविणे अशा नेहमीच्या प्रसंगांच्या पद्धती. प्रत्येक घटकासोबत तो चालविणारी आज्ञावली असते आणि तो केव्हा वापरावा, व त्याहून महत्त्वाचे म्हणजे केव्हा वापरू नये, याचे विवेचन असते. एखाद्या खात्यात नवी सेवा उभारणारी मंडळी, म्हणजे रचनाकार, आज्ञावलीकार, मजकूर लिहिणारे आणि लोकांशी बोलून चाचण्या घेणारे, हे घटक उचलतात, जुळवितात, आणि आपला वेळ त्या सेवेच्या खास अडचणींसाठी राखून ठेवतात. पाटीच्या कारखान्यातील फरशीचेच हे पडद्यावरील रूप.

दोन उदाहरणांवरून या विचाराची खोली कळेल. जन्मतारीख विचारावयाची असेल तर पडद्यावर दिनदर्शिका उघडून दाखवावी, असे कोणाही हौशी रचनाकाराला वाटेल. पण सत्तर वर्षांच्या गृहस्थाने आपल्या जन्माच्या महिन्यापर्यंत किती पाने मागे उलटावयाची? त्याला आपली जन्मतारीख पाठ असते. म्हणून दिवस, महिना आणि वर्ष अशा तीन साध्या चौकटी द्याव्या, असे संहिता सांगते. दुसरे उदाहरण नावाचे. सर्व जगाची नावे ‘पहिले नाव’ आणि ‘आडनाव’ या दोन खणांत बसत नाहीत, याची जाणीव संहिता करून देते आणि निरनिराळ्या धाटणीची नावे स्वीकारतील अशा चौकटी ठेवण्यास सांगते. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तिपेडी परंपरा पाळणाऱ्या मराठी माणसाला परदेशी अर्जापुढे होणारी पंचाईत माहीत आहे. तेव्हा या नियमाचे मोल त्याला निराळे सांगावयास नको. तीच गोष्ट चूक दाखविण्याची. अर्ज लाल रंगाने नुसता परत करावयाचा नाही. काय चुकले आणि ते कसे सुधारावे, हे साध्या वाक्यात सांगावयाचे, आणि जो डोळ्यांनी पाहू शकत नाही, त्यालाही ते यंत्राच्या आवाजातून ऐकू येईल अशी तजवीज ठेवावयाची.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. सर्वांनी एकाच साच्यातून काम काढले तर प्रतिभेला वाव कोठला? आक्षेप अगदीच पोकळ नाही. कित्येक संस्थांत संहिता म्हणजे धूळ खात पडलेली नियमांची वही होऊन बसते. नियम का झाला याचा कोणाला पत्ता नसतो, पण मोडण्याची छाती होत नाही. शिवाय सामाईक घटकात एखादा दोष राहिला तर तो एका पानावर न राहता हजार पानांवर जातो. परंतु याच कारणाने तेथे झालेली सुधारणाही हजार पानांवर पोहोचते. म्हणूनच जिवंत संहितेला कायमचे सांभाळणारे लागतात. ब्रिटिश संहितेत कोणत्याही खात्यातील माणूस नवा घटक सुचवू शकतो. मात्र त्याने तो खऱ्या लोकांसमोर पारखून दाखवावयाचा असतो. बेन्सनच्या विमानतळावर मोटारीच्या टपावर पाट्या चढविणाऱ्यांचीच ही परंपरा आहे.

आपल्या दृष्टीने यातून एक धडा घेण्याजोगा आहे. भारत सरकारनेही २००९ साली सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक नियम काढले आणि पुढे ते सुधारले. परंतु बाहेरची संहिता जशीच्या तशी उचलून आपले काम भागत नाही. रोमन अक्षरे सुटी उभी राहतात. देवनागरीत शिरोरेषा त्यांना एका दोरीत ओवते, वेलांट्या आणि मात्रा वर चढतात, उकार आणि जोडाक्षरे खाली उतरतात. रोमन लिपीच्या मापाने दोन ओळींमधील अंतर ठरविले की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो, आणि चौकटीत लिहिलेल्या नावाची वेलांटी कापली जाते. दोष लिपीचा नसतो. ज्याने माप ठरविले त्याच्या डोळ्यांपुढे मराठी वाचक नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. किनीर आणि कॅल्व्हर्ट यांच्याकडून घ्यावयाची ती त्यांची अक्षरे नव्हेत, त्यांची रीत: आपल्या लिपीची फरशी आपण आखावी आणि ती आपल्या वाचकासमोर, त्याच्या वेगाने आणि त्याच्या उजेडात तपासून पाहावी.

जॉक किनीर १९९४ साली निवर्तले. ब्रिटनमधील कोणत्याही रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला त्यांचे नाव सहसा ठाऊक नसते, आणि पाटीवर ते कोठे लिहिलेलेही नाही. रात्रीच्या पावसात, अनोळखी प्रदेशात, वळणाच्या आधी पुरेशा अंतरावर चालकाला आपल्या गावाचे नाव दिसते, तो गाडीचा वेग कमी करतो आणि सुखरूप वळतो. पाटी कशी होती, हे घरी पोहोचल्यावर त्याला आठवतही नाही.